फक्त शब्द टाईप करावेत

१

आधी मला सगळं सांगू द्या, मग काय ते विचारा. मधे कोणी बोललं की माझा धागा तुटतो, आणि ह्या गोष्टीत धागा तुटला तर सगळंच गेलं.

तर मंगळवार. दुपारचे तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं. आमच्या मदत-केंद्रावर, म्हणजे लोक संकटात फोन करतात आणि आम्ही अँब्युलन्स पाठवतो तिथे, एक फोन आला. अकरा सेकंदांचा. पुरुषाचा आवाज. शब्द मोजून आठ.

"हॅलो... अं... नाही, चुकून लागला. काही नाही. ठेवतो."

बास. असे फोन आम्हाला दिवसाला शंभर येतात. कोणाची मुलं खेळतात, कोणाचं बोट घसरतं. घेणारीनं 'ठीक आहे' म्हणायचं आणि पुढचा घ्यायचा.

पण तो फोन घेतला होता अक्कानं. अक्का म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी, अठरा वर्षं एकाच खुर्चीत. खुर्चीची चाकं झिजून गेली, ही नाही गेली. तिनं ठीक आहे म्हटलं, फोन ठेवला, आणि सरळ गाडी पाठवली. घरचा वायरवाला फोन होता, त्यामुळे पत्ता स्क्रीनवर आपोआप आलेला. आणि फॉर्मवर 'कारण' म्हणून एक रकाना असतो ना, त्यात तिनं दोन शब्द लिहिले.

'श्वास. म्हातारी.'

गाडी नऊ मिनिटांत पोचली. आतल्या खोलीत पलंगावर एक म्हातारी, ओठ निळे पडलेले, शुद्ध नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी. नळीच्या टोकाला मशीन. मशीन बंद.

वाचली हो, वाचली. अजून दवाखान्यात आहे, बोलता येत नाही, पण वाचली. अजून पाच मिनिटं आणि संपलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, वा, अक्काचा सत्कार करा! केला ना. बुधवारी तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

कारण म्हातारीच्या जावयानं, म्हणजे तो फोन करणाऱ्यानंच, तक्रार केली. म्हणाला, मी म्हातारीचं नाव काढलं नाही, श्वासाचं काढलं नाही, मग त्या बाईला कळलं कसं? तिला आधीच माहीत होतं. म्हणजे मशीन बंद करणाऱ्याशी तिचं संधान होतं.

आणि खरं सांगू? त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारी दुपारपर्यंत अहवाल जायचा होता. 'समाधानकारक खुलासा नाही' असं त्यात आलं की अक्काची नोकरी गेली, आणि पोलिसांच्या फाईलवर पहिलं नाव तिचं.

त्या अकरा सेकंदांचा टाईप केलेला कागद सगळे वाचत होते. तो मी टाईप केला होता. दोन मिनिटांत. आणि वर मिरवलंही होतं की बघा, एक चूक नाही.

एक चूक होती.

२

चौकशीला मुख्य कार्यालयातून जे आले त्यांना आम्ही पहिल्या तासातच नाव ठेवलं, जांभईसाहेब. एकतीस वर्षं चौकशा केलेला माणूस. दुखरा गुडघा, फुगलेली बॅग, आणि दर दुसऱ्या वाक्याला जांभई. ते मला 'टायपिंग' म्हणायचे. "टायपिंग, पाणी मिळेल का? टायपिंग, हा जिना उतरायला लिफ्ट का नाही?"

गुरुवारी सकाळी सामानाच्या खोलीत अक्काचा जबाब. बसायला दुसरी जागाच नव्हती. भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक पंखा, घर्र करत फिरत होता. रेकॉर्डिंगला त्रास नको म्हणून साहेबांनी हात लांब करून त्याचं बटण बंद केलं.

आणि अक्का अर्धी उठली. खरंच. खुर्चीतून अर्धी उठली, उजवा हात पुढे गेला, भिंतीकडे. मग तिचं तिलाच कळलं. बसली. हात पदराखाली घेतला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"काही नाही. विचारा."

"कसं कळलं तुम्हाला?"

"वाटलं."

"काय वाटलं?"

"आतून वाटलं."

साहेबांनी जांभई दिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अक्का, मी पण थकलोय, तुम्ही पण थकलाय. आतून वाटलं ह्याला मी कुठला कागद लावू? तारीख काय घालू? खाली सही कोणाची, आतल्याची?"

"मी काय सांगू साहेब. अठरा वर्षांत असं किती वेळा वाटलं. दोनदा चुकले पण. गाडी रिकामी परत आली, मेमो मिळाला. घेतला."

"म्हणजे तुमचं आतलं खोटंही बोलतं."

"बोलतं ना. माणूसच आहे."

"बरं, फोनवर ऐकू काय आलं?"

"काहीच ऐकू आलं नाही."

"मग?"

"काहीच ऐकू आलं नाही," अक्का म्हणाली, "म्हणून पाठवली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. अशा उत्तरानं माणूस स्वतःला बुडवतो. मी तिला टेबलाखालून पायानं ढोसलं सुद्धा. ती फक्त दमलेलं हसली.

बाहेर चहाच्या मशीनपाशी नुसता गोंधळ. एक म्हणाली, अक्काला सहावं इंद्रिय आहे. दुसरी म्हणाली, सहावं कसलं, घरी चार वर्षं आईचं केलं तिनं, नळ्या लावून, औषधं देऊन, आणि वर इथली ड्यूटी. तिसऱ्याच दिवशी दुसरी कोणी वेडी झाली असती. हिला देवच सांगत असेल.

साहेब कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "पाच इंद्रियं पुरतात. वापरली तर." आणि माझ्याकडे वळून, "चल टायपिंग. म्हातारीचं घर बघू. किती जिने आहेत तेवढं आधी विचार."

३

दोन जिने होते. साहेब प्रत्येक पायरीला आपल्या गुडघ्याची माफी मागत चढले.

म्हातारीला गल्लीत शिवणबाई म्हणतात. अर्ध्या गल्लीला तिनं शिवण शिकवलंय. सहा वर्षांपासून फुप्फुसं गेली, मशीनवर आहे. ते मशीन चोवीस तास चालू. घरात मुलगी, जावई, आणि दिवसा सांभाळायला येणारी एक बाई. किल्ल्या तिघांकडे.

बाहेरच्या खोलीत दाराजवळ भिंतीवर फोन. जुना, गुंडाळीच्या वायरचा, फार तर हातभर ताणला जाईल. त्याच्या डोक्यावर छताचा पंखा, आणि तो पंखा दर फेऱ्याला असा काही कुईं करायचा की माझे दात शिवशिवले.

"तेल घाला की हो ह्याला," मी म्हटलं.

"आम्हाला ऐकूच येत नाही आता," मुलगी म्हणाली.

मुलगी पंचेचाळीसची असेल. दिसत होती साठीची. बोलताना मधेच थांबायची आणि आपण काय बोलत होतो ते शोधायची.

पडद्यापलीकडे आतली खोली. रिकामा पलंग, मशीन, आणि उशाशी एक वेताची खुर्ची. बैठक झिजलेली, पाठीची जाळी मात्र धड.

जावई खूप बोलला. नळवाल्याला फोन लावत होता, चुकून मदत-केंद्राला लागला, ठेवला, आणि लगेच बाहेर पडला. "त्यानंतर लाईट गेली असणार आणि मशीन बंद पडलं असणार. नाहीतर मग त्या सांभाळणारीनं आधीच काहीतरी करून ठेवलं. ती आणि तुमची ती अक्का एकाच वस्तीत राहतात, माहितीये का?"

"वस्तीत चार हजार लोक राहतात," साहेब म्हणाले. "आणि ताई, तुम्ही कुठे होता?"

मुलीनं नवऱ्याकडे बघितलं. "मी... औषधाच्या दुकानात."

"पायी?"

"पायी. साडेतीनला निघाले. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला."

"आणि मशीन बंद पडलंय ते केव्हा कळलं?"

"ते गाडीवाले आले तेव्हा." ती थांबली. "मी त्यांना दार उघडलं ना."

साहेबांनी जांभई दिली, हात जोडले, उठले. जिन्यात मला म्हणाले, "टायपिंग, गणित येतं का तुला?"

४

सांभाळणारी आम्हाला तिच्या घराबाहेरच भेटली. दोन्ही हातात पिशव्या, खांदे गळलेले. बारा वाजता सुट्टी घेऊन ती मुलाच्या शाळेत पालकसभेला गेली होती. चारपर्यंत. वहीत सही, आणि बाईंशी भांडण केलेलं, त्यामुळे साक्षीदार तीस.

"औषधं? औषधं मीच आणून ठेवली होती सकाळी, पंधरवड्याची," ती म्हणाली. "परत कशाला कोणी जाईल? आणि लाईट गेल्याचं काय सांगता साहेब! लाईट गेली की ते मशीन भोंगा वाजवतं, टीं टीं टीं, समोरच्या बिल्डिंगमधले खिडकीत येतात. स्वतः बटण दाबून बंद केलं तरच गप बसतं. मंगळवारी कोणी भोंगा ऐकला का ते विचारा."

विचारलं. समोरचे, शेजारचे, खालचे. कोणी ऐकला नव्हता.

मग अँब्युलन्सचा ड्रायव्हरदादा. सोळा तास गाडी चालवून तो गाडीच्या पायरीवर बसून बिस्किट खात होता.

"दार मुलीनं उघडलं. केस सुटलेले, अनवाणी. चेहरा असा भांबावलेला... आणि गालावर जाळी."

"कसली जाळी?" मी.

"अगं वेताची. अशी भोकाभोकांची, लाल लाल उमटलेली. माझ्या मुलीच्या गालावर गोधडीचा टाका उमटतो सकाळी, तशी."

साहेब गाडीला टेकून उभे होते. अर्धी जांभई तशीच तोंडात राहिली.

"पंधरा मिनिटं पायी," ते म्हणाले. "अनवाणी."

पण अक्का? मुलगी खोटं बोलली, ठीक. जावई खोटं बोलला, ठीक. त्यानं अक्का सुटत नव्हती. तिला कळलं कसं, हा खिळा तिथेच. उलट साहेब म्हणाले, खरा गुन्हा निघाला की अक्काला तो आधी माहीत होता असंच सगळे धरतील.

शुक्रवारी सकाळी मी तिचा जबाब टाईप करत बसले. माझ्या टेबलावर एक पाटी आहे, टायपिस्टांचे नियम. पहिलाच नियम, फक्त शब्द टाईप करावेत. खोकला, हसणं, गाड्यांचे आवाज, काही नाही. 'काहीच ऐकू आलं नाही,' मी टाईप केलं. 'म्हणून पाठवली.' वाचलं. काय वेड्यासारखं वाटत होतं कागदावर!

आणि मला तिचा हात आठवला. पंखा बंद झाल्यावर भिंतीकडे गेलेला. तो हात कागदावर नव्हता. कारण हात म्हणजे शब्द नाही.

मंगळवारच्या फोनमधलं मी अजून काय काय टाईप केलं नव्हतं?

५

आता माझी चूक सांगते. हसू नका.

आम्ही टायपिस्ट रेकॉर्डिंग ऐकताना एक बटण दाबतो. खरखर-बटण म्हणतो त्याला. ते दाबलं की मागचे सगळे आवाज पुसले जातात आणि बोलणं तेवढं स्वच्छ ऐकू येतं. पहिल्या दिवशीच शिकवतात. मी ते इतक्या वेळा दाबलंय की दाबते हे सुद्धा मला कळत नाही. आणि चौकशीला रेकॉर्डिंग कोणी ऐकतच नाही, सगळे आमचा कागद वाचतात. म्हणजे अक्का सोडून त्या अकरा सेकंदांचा खरा आवाज ह्या जगात कोणीही ऐकला नव्हता. मी सुद्धा नाही.

बटण सोडलं. ऐकलं. पुन्हा ऐकलं. आणि साहेबांकडे अशी पळाले की चप्पल जिन्यातच राहिली.

"साहेब, ऐका."

"कागद दे ना."

"कागद नाही! ऐका!"

त्यांनी हेडफोन उलटा घातला, मग सुलटा. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा," म्हणाले. मी सुरू केलं.

घर्र... फुस्स. घर्र... फुस्स. लांबून, पडद्यापलीकडून. मशीन. त्याच्या वर, जवळून, कुईं. कुईं. पंखा. त्यात माणूस, "हॅलो..." घर्र... फुस्स. "अं..." आणि सहाव्या सेकंदाला तो घर्र खाली खाली जाऊन थांबतो. भोंगा नाही. काही नाही. मग माणूस म्हणतो, "नाही, चुकून लागला." कुईं. "काही नाही. ठेवतो." कुईं.

साहेबांनी तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर हळूच ठेवला, अंडं ठेवावं तसा.

"लाईट गेली नव्हती," मी म्हटलं. मला दम लागला होता. "पंखा शेवटपर्यंत फिरतोय. भोंगा नाही, म्हणजे बटण दाबलं. आणि फोनवाल्यानं नाही दाबलं, त्याची वायर हातभर!"

"सांभाळणारी शाळेत भांडत होती," साहेब म्हणाले. "मग आत राहिलं कोण?"

"गालावर जाळी घेऊन..."

"हं. पण टायपिंग, तू घाईत आहेस. बंद कोणी केलं हे कळलं. पुढचं बघ. तो 'चुकून लागला' कधी म्हणाला? आधी की नंतर?"

मी पुन्हा मनात ऐकलं.

"नंतर," मी म्हटलं. "मशीन थांबल्यावर."

६

मुलगी आणि जावई, दोघांना सही करायला म्हणून बोलावलं होतं. सामानाची खोली, तीच. मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या डुलत होती. जावई म्हणाला, आम्हाला दवाखान्यात जायचंय, लवकर उरका.

"अकरा सेकंद," साहेब म्हणाले आणि मला मान डोलावली.

मी स्पीकरवर लावलं.

घर्र... फुस्स ऐकलं आणि मुलीचे डोळे एकदम उघडले. मग तो आवाज थांबला. तिनं पदर तोंडाशी नेला.

"लाईट..." जावई म्हणाला.

"पंखा ऐका तुमचा," साहेब म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तेल घाला म्हटलं होतं ह्या मुलीनं."

"मी केलं," मुलगी म्हणाली. अगदी साधं, चहा मी केला म्हणावं तसं. "सहा वर्षं झाली. रात्री दर दोन तासांनी उठते. झोपले तरी ते डोक्यात चालू असतं. मंगळवारी ह्यांना म्हटलं, मला एकदा हे थांबलेलं ऐकायचंय. फक्त एकदा. बटणावर हात ठेवून बसले होते मी. हे बाहेर निघून गेले. मी दाबलं. आई झोपली होती. म्हटलं, वीसपर्यंत मोजते आणि लावते. इतकं शांत झालं हो... मी खुर्चीच्या पाठीवर गाल टेकला. सात-आठपर्यंत मोजल्याचं आठवतंय."

"आणि?"

"दारावर थाप पडली तेव्हा जाग आली."

झोप लागली होती तिला. कळतंय का तुम्हाला? सहा वर्षांत पहिल्यांदा घर गप झालं आणि बाईला गाढ झोप लागली.

"औषधाच्या दुकानाचं कोणी सांगितलं?"

"ह्यांनी. म्हणाले, मी बाहेर होतो, मला काही माहीत नाही, पण तू असं असं सांग, मी सांभाळतो." मग ती थांबली. आपण काय बोलतोय ते शोधायला थांबायची ना, तशी. पण ह्या वेळी सापडलं. तिनं हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "हा फोन... तुम्ही बाहेर गेला नव्हता?"

जावयाच्या कपाळावर घाम.

"तू तसं बोलायला लागलीस म्हणून मी मदतीला फोन लावला. तुझ्यासाठीच. तेवढ्यात ते थांबलं. मला वाटलं तू मुद्दाम... आता सांगितलं तर तुला धरतील. म्हणून ठेवला."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हो, पण..."

"थांबलेलं ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"मला सुचेना. मी जिना उतरलो. कोपऱ्यावर उभा राहिलो."

"आठ पावलं होती," मुलगी म्हणाली. "फोनपासून बटणापर्यंत आठ पावलं आहेत. मी रोज मोजते."

साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "बंद तुम्ही केलंत ताई, ते आहेच, त्याचं जे व्हायचं ते होईल. पण तुम्ही झोपेत होता. ते बंद आहे हे जागेपणी माहीत असलेली माणसं ह्या सगळ्या शहरात दोनच होती." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "एक फोनच्या ह्या टोकाला. एक त्या टोकाला. त्या टोकाचीनं गाडी पाठवली."

जावई खाली बघत म्हणाला, "पण तिला कळलं कसं?"

म्हणजे प्रश्न परत तिथेच!

७

अहवाल जायला तास राहिला होता. साहेब खिडकीशी उभे.

"आतून वाटणं म्हणजे काय ग टायपिंग? आत काही पिकत नाही. सगळं बाहेरूनच येतं. फक्त कुठल्या दारानं शिरलं ते आपण पाहिलेलं नसतं. अक्काच्या आईला घरी काय काय लावलेलं होतं, विचारलंस का कोणाला?"

मी चहाच्या मशीनपाशी जाऊन विचारलं. तेच मशीन. चार वर्षं. घर्र, फुस्स.

म्हणजे सुटली की अक्का! मी नाचतच जिन्यात गेले. ती पायरीवर बसली होती, चपला काढून, सुजलेले पाय गार फरशीवर ठेवून. मी एका दमात सगळं ओकले. मशीनचा आवाज तुमच्या कानात बसलेला, तुम्ही मागे तो ऐकलात, म्हणून 'श्वास', म्हणून 'म्हातारी'. आत जा आणि एवढंच सांगा!

अक्कानं माझ्याकडे बघितलं. इतकं दमलेलं माणूस मी पाहिलं नाही.

"आवाज नाही ग ओळखला मी, पोरी," ती म्हणाली. "ते चालू आहे हे कळलं पण नव्हतं मला. सवय. ते थांबलं, ते ओळखलं."

"म्हणजे तेच ना..."

"तेच नाही. लाईट जाऊन थांबतं ते वेगळं, भोंगा वाजतो. माणसानं दाबून थांबवल्यावर जे होतं ना, तसं दुसरं कशानं होत नाही. ते मी एकदाच ऐकलंय. आमच्या घरात." तिनं उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला, त्याच्याकडे पाहिलं. "चाळीसपर्यंत मोजलं. मग परत लावलं. आई त्यानंतर वर्षभर जगली. तिला कळलंही नाही. मला पण नाही कळलं म्हण. मी ते कुठेतरी टाकून दिलं होतं. मंगळवारी त्या माणसानं 'अं' म्हटलं, मागचं ते थांबलं, आणि फोन ठेवताच हातानं गाडी पाठवली. मी नंतर विचार केला."

आता ती हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी स्वतः सांगते, म्हणून तुम्हाला सांगतेय, नाहीतर मेले तरी बोलले नसते. पण त्या दिवशी ती म्हणाली, "हे आत नाही सांगणार मी. घालवू दे नोकरी."

आणि उठून आत गेली.

मी हेडफोन लावून बसले. साहेबांनी भिंतीतला पंखा बंद केला. अक्काचा हात पुन्हा पुढे गेला. ह्या वेळी तिनं तो मागे घेतला नाही. तसाच हवेत, बोट पुढे, भिंतीवरच्या बटणापासून वीतभर लांब. ओठ अगदी बारीक हलत होते.

"अक्का," साहेब म्हणाले, "ती शांतता तुम्ही कशानं ओळखली?"

साहेबांनी हाताकडे पाहिलं. ओठांकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहत होते. चाळीस सेकंद किती लांब असतात, तुम्ही बसून बघा एकदा.

मग तिनं हात खाली घेतला. "अनुभवानं," ती म्हणाली.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग माझ्याकडे वळले. "टायपिंग, तुमचा तो नियम काय आहे?"

"फक्त शब्द टाईप करावेत."

"चांगला नियम आहे. कधी कधी."

मी टाईप केलं. प्रश्न, कशानं ओळखली. उत्तर, अनुभवानं. मधे काही नाही, ओळीला ओळ लागून. साहेबांनी खाली लिहिलं, खुलासा समाधानकारक. सही केली. अक्काचं ओळखपत्र बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं.

अक्कानं ते उचललं नाही लगेच.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"त्या मुलीला आता झोप लागते का?"

साहेबांनी पेन खिशाला लावलं. रेकॉर्डिंग चालू होतं.

तो प्रश्न मी टाईप केला. शब्द होते ना ते. आणि खाली उत्तराची ओळ कोरी सोडली.